कंपवाताचा रुग्ण : ताट आणि घड्याळ

(संस्थेच्या वार्षिक समारंभात जिते येथे पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



शिक्षकाने शिक्षणावर बोलावे अशी रीत आहे. आज मी ती थोडी मोडणार आहे. मी डॉक्टर नाही, बी.ए., बी.एड. झालेला एक साधा शिक्षक आहे. परंतु आपल्या घराघरांतून वृद्ध माणसे आहेत आणि त्यांना औषध देण्याचे व जेवण वाढण्याचे काम आपण सर्वजण, विशेषतः आपल्या भगिनी व मुले, करीत असतो. ते काम नीट व्हावे म्हणून एका आजाराची माहिती आपणांपुढे ठेवतो. तो आजार म्हणजे पार्किन्सन्स. आयुर्वेदात त्याच्याशी मिळत्याजुळत्या विकाराला कंपवात म्हणतात, युनानी हकीम हाताच्या कापण्याला रअशा म्हणतात आणि आपण घरी नुसते ‘हात थरथरतात’ एवढेच म्हणतो.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर एक निबंध लिहिला. त्यांच्याच नावाने तो पुढे ओळखला जाऊ लागला. आपल्या मेंदूत डोपामिन नावाचे एक द्रव्य तयार होते. हालचाल सुरळीत होण्यासाठी ते लागते. ते तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होऊ लागल्या की हात थरथरतो, अंग ताठरते, चाल मंदावते, अक्षर बारीक होत जाते, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात. हा संसर्गजन्य रोग नाही. तो कोणाच्या नजरेने होत नाही, की करणीनेही होत नाही. मुंबईतील पारशी वसाहतींत घरोघर जाऊन डॉ. भरूचा व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहणी केली होती. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत दर लाख लोकांमागे सुमारे ३२८ जणांना हा आजार असल्याचे आढळले. त्या समाजात वृद्धांचे प्रमाण अधिक होते, हे लक्षात घेतले पाहिजे. पण त्यातूनच बोध असा की, जसजसे आपले आयुर्मान वाढेल तसतसा हा आजार आपल्याही ओसरीवर दिसू लागेल.

विद्यार्थ्यांना एक नाव सांगतो. जगप्रसिद्ध मुष्टियोद्धा मुहम्मद अली यांना १९८४ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी, या आजाराचे निदान झाले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये थरथरत्या हाताने त्यांनी ज्योत पेटविली ती सर्व जगाने पाहिली. २०१६ साली त्यांचे निधन झाले. म्हणजे निदानानंतर बत्तीस वर्षे ते जगले. हा आजार पूर्ण बरा करणारे औषध अद्याप सापडलेले नाही. पण त्याच्यासह पुष्कळ वर्षे जगता येते, हे यावरून कळते. ती वर्षे कशी जातील यात औषधाचा मोठा वाटा आहे आणि त्याच्या खालोखाल घरच्या स्वयंपाकघराचा आहे.

आता मूळ विषयाकडे वळतो. या आजारावरचे मुख्य औषध लेव्होडोपा. मेंदूत गेल्यावर त्याचे डोपामिन बनते. या औषधाचा आपल्या मातीशी जवळचा संबंध आहे. आपल्या डोंगरात खाजकुइलीचा वेल असतो. त्याच्या शेंगेची कुसे अंगाला लागली की काय होते हे येथील प्रत्येक मुलाला माहीत आहे. त्या शेंगेतील बी म्हणजेच वैद्यांचे कवचबीज. या बियांतून लेव्होडोपा वेगळे काढण्याचे काम दामोदरन आणि रामस्वामी या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी १९३७ साली केले. त्यानंतर तीस वर्षांनी, १९६७ साली, अमेरिकेत डॉ. कोट्झियास यांनी लेव्होडोपाच्या मोठ्या मात्रेने रुग्ण चालूफिरू लागतात हे दाखवून दिले. पुढे या औषधात कार्बिडोपा मिसळण्यात येऊ लागले. त्यामुळे औषध वाटेतच खर्ची न पडता मेंदूपर्यंत अधिक पोहोचते आणि मळमळही कमी होते. आज बहुतेक रुग्ण हीच जोड गोळी घेतात.

मात्र हे ऐकून कोणी डोंगरात जाऊन बिया आणू नयेत. कोणत्या बीमध्ये किती औषध आहे हे सांगता येत नाही. गोळी चालू असताना वर हे चूर्ण घेतले तर मात्रा जास्त होऊन अंग वेडेवाकडे हलू लागते, भास होतात, रक्तदाब उतरतो. चूर्ण घ्यावयाचेच असेल तर डॉक्टरांना सांगूनच घ्यावे.

आता ताट आणि घड्याळ यांचा संबंध पाहू. आपण मासे, मटण, अंडी, डाळ, वाल खातो, त्यातील प्रथिनांचे पोटात अमिनो आम्लांत रूपांतर होते. लेव्होडोपा हेही एक अमिनो आम्लच आहे. लहान आतड्यातून रक्तात जाण्यासाठी आणि रक्तातून मेंदूत शिरण्यासाठी या सर्वांना एकाच दारातून जावे लागते. एस.टी.चा दरवाजा एकच आणि जत्रेची गर्दी, अशी स्थिती होते. जेवणातील अमिनो आम्ले मोठ्या संख्येने पुढे घुसतात आणि गोळी मागे राहते. शिवाय भरल्या पोटी जठर सावकाश रिकामे होते, त्यामुळे गोळी आतड्यात पोहोचण्यासही उशीर लागतो. म्हणून लेव्होडोपाची गोळी जेवणापूर्वी अर्धा ते एक तास, पाण्याबरोबर घ्यावी. जेवण झाले असेल तर नंतर एक-दोन तासांनी घ्यावी, असा साधारण नियम आहे. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर अर्धे केळे, एखादे बिस्कीट किंवा चार घास पेज चालते. त्यात प्रथिने कमी असतात. दूध किंवा अंड्याबरोबर मात्र गोळी देऊ नये.

हा नियम न पाळल्याने काय होते ते एका उदाहरणावरून सांगतो. माझे एक मामू जहाजावरची नोकरी करून निवृत्त झाले. त्यांना हा आजार आहे. सकाळची त्यांची चाल ठीक असे, पण दुपारनंतर उंबरठ्याशी आले की पाय जमिनीला खिळत. घरात चर्चा सुरू झाली. कोणी म्हणाले, गोळ्या बनावट आहेत. कोणी म्हणाले, दोन द्या. कोणी म्हणाले, बंदच करा. शेवटी त्यांच्या आठवीतल्या नातीने वहीवर तीन रकाने आखले : गोळी किती वाजता, जेवण किती वाजता व काय, आणि त्यानंतर चालणे कसे. पंधरा दिवस तिने नोंद ठेवली. सकाळची गोळी ते फजरच्या नमाजनंतर घेत आणि न्याहारी तासाभराने होई. दुपारची गोळी मात्र ताटाशेजारी ठेवलेली असे व माशाच्या कालवणाबरोबर पोटात जाई. गंमत अशी की, शुक्रवारची दुपार दोन्ही आठवड्यांत चांगली गेली होती. घरची मंडळी म्हणत, जुम्म्याची बरकत. बरकत होतीच, पण शुक्रवारी नमाजला जाण्यापूर्वी साडेबाराला गोळी घेतली जाई आणि जेवण दोन वाजता होई, हेही वहीत लिहिलेले होते. डॉक्टरांनी ती वही पाहिली, मात्रा वाढविली नाही, फक्त दुपारच्या गोळीची वेळ तासाभराने अलीकडे आणली. आजार गेला नाही, पण मामू आता रोजच दुपारी ओसरीपर्यंत आपल्या पायांनी येतात.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही शाळेत रकाने आखावयास शिकता ते अशा वेळी उपयोगी पडते. ज्यांच्या घरी असा रुग्ण असेल त्यांनी ही वही आजच सुरू करावी. आपल्याला तज्ज्ञ डॉक्टरांकडे जाण्यासाठी पनवेल किंवा मुंबईची वाट धरावी लागते. तेथे मिळणाऱ्या दहा मिनिटांत तोंडी सांगण्यापेक्षा वही अधिक सांगते. आणि त्या प्रवासात गोळीची वेळ चुकू नये म्हणून गोळ्या व पाण्याची बाटली पिशवीत घ्यावी.

आता कोणी म्हणेल, प्रथिने जर आड येतात तर मासे-मटण बंदच करू. हा विचार अत्यंत घातक आहे. या रुग्णांचे वजन आधीच घटत असते. थरथर व ताठरपणा यांत शक्ती खर्च होते. वास घेण्याची शक्ती कमी होते, त्यामुळे कालवणाचा घमघमाट सुटला तरी त्यांना भूक लागत नाही. आणि हात सावकाश चालतो. घरातील सर्वांचे जेवण आटोपते, ताटे उचलली जातात आणि त्यांचे ताट निम्मे भरलेलेच राहते. संकोचाने ते ‘पोट भरले’ म्हणतात. बंधुभगिनींनो, त्यांना अर्धा तास जास्त द्या. कोणीतरी एकाने त्यांच्यासोबत बसून राहावे. दर महिन्याला त्यांचे वजन करून वहीत लिहावे. वजन उतरत गेले तर डॉक्टरांना सांगावे.

साधारणतः दर किलो वजनामागे रोज ०.८ ते १ ग्रॅम प्रथिन लागते. पंचावन्न किलोच्या माणसाला सुमारे ४५ ते ५५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७ ग्रॅम, वाटीभर शिजलेल्या डाळीत तितकेच, तर १०० ग्रॅम माशात १८ ते २० ग्रॅम प्रथिन असते. तेव्हा प्रथिन तोडावयाचे नाही, त्याची वेळ सांभाळावयाची. आजार जुना झाल्यावर ज्यांना गोळीचा असर मध्येच ओसरतो व पुन्हा येतो असे चढउतार जाणवतात, अशा काही रुग्णांना डॉक्टर दिवसा हलके आणि रात्री प्रथिनयुक्त जेवण सुचवितात. पिंकस आणि बॅरी या अमेरिकन डॉक्टरांनी १९८७ साली यासंबंधी लिहिले. सकाळी घावन, पेज, फळ. दुपारी मऊ भात, भाजी, पातळ सार. आणि मासे, अंडे किंवा डाळ रात्रीच्या जेवणात, असे त्याचे आपल्याकडचे रूप होईल. थंडीत आपल्याकडे पोपटी लावतात. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी असा सगळा प्रथिनांचाच मडकाभर ठेवा. ती आपण रात्रीच लावतो, म्हणजे वेळ अनायासे जुळलेली आहे. फक्त रुग्णाची संध्याकाळची गोळी तासभर आधी झालेली असावी. मात्र ज्यांचा आजार नवीन आहे व गोळी नीट लागू पडते, त्यांना एवढे करण्याची गरज नसते. हा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.

प्रथिनांखेरीज आणखी काही गोष्टी थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट लोहाची. रक्त वाढविण्याची लोहाची गोळी लेव्होडोपाला पोटातच धरून ठेवते. या दोन गोळ्यांमध्ये किमान दोन तासांचे अंतर ठेवावे.

दुसरी गोष्ट बद्धकोष्ठाची. हा आजार मेंदूपुरता नसून आतड्यांच्या नसांवरही त्याचा परिणाम होतो. कित्येकांना हात थरथरण्यापूर्वी अनेक वर्षे बद्धकोष्ठ असते. पोट साफ नसेल तर गोळीही नीट लागू पडत नाही. पालेभाजी, पपई, पेरू, डाळी, कोंड्यासकट दळलेले पीठ आणि दिवसातून सहा ते आठ पेले पाणी द्यावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. लघवीला उठावे लागते म्हणून वृद्ध पाणी टाळतात. त्यासाठी बहुतेक पाणी संध्याकाळपूर्वीच पाजावे.

तिसरी गोष्ट गिळण्याची. तांदळाची कोरडी भाकरी घशात अडकते, ती कालवणात कुस्करून द्यावी. भात मऊ शिजवावा. माशाचे काटे घरच्यांनी काढून द्यावेत. रुग्णाने ताठ बसून, लहान घास घेऊन, एक घास पूर्ण गिळल्यावरच दुसरा घ्यावा. जेवताना बोलावयास लावू नये, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल किंवा जेवल्यावर आवाज ओलसर, घोगरा येत असेल तर अन्न श्वासनलिकेत उतरत असण्याची शक्यता असते. त्याने न्यूमोनिया होतो. अशा वेळी विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे.

चौथी गोष्ट हाडांची. हे रुग्ण तोल जाऊन पडतात. हाड मजबूत असेल तर इजा कमी होते. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, म्हणून नाचणीची भाकरी किंवा आंबील जरूर द्यावी. दूध रात्री द्यावे. सकाळच्या कोवळ्या उन्हात बसवावे आणि ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारावे.

पाचवी गोष्ट बैठकीची. दस्तरखानावर सर्वांसोबत खाली बसणे ही आपली रीत सुंदर आहे. पण ताठरलेल्या गुडघ्यांना ते जमत नाही. त्यांना खुर्ची-टेबल द्या आणि शक्य तर आपणही त्यांच्याशेजारी खुर्ची घ्या. उंच काठाचे ताट, जाड दांड्याचा चमचा आणि अर्धाच भरलेला पेला एवढ्याने सांडणे पुष्कळ कमी होते. सांडल्यावर मुलांनी हसू नये. सांडण्याची लाज वाटून जेवण सोडणारी माणसे असतात.

महागड्या बाटल्यांविषयीही सांगणे भाग आहे. आखातातून येणाऱ्या नातेवाइकांना सांगून आपण शक्तीच्या गोळ्या मागवितो. ई जीवनसत्त्वाने हा आजार थोपविता येतो का, याची अमेरिकेत मोठी चाचणी झाली. १९९३ साली तिचा निष्कर्ष आला की फायदा नाही. कोएन्झाइम क्यू-१० या द्रव्याच्या चाचणीचा निष्कर्षही २०१४ साली तसाच आला. तो पैसा फळे, भाजी, मासे यांवर खर्च करावा. भाज्या, फळे, कडधान्ये, मासे असा आहार घेणाऱ्यांत हा आजार कमी आढळतो असे काही पाहण्यांत दिसले आहे. त्यावरून ठाम कार्यकारण सांगता येत नाही, पण असा आहार सर्वांनाच हितकारक आहे.

आता सर्वांत नाजूक विषय, रमजानचा. आपले बुजुर्ग इतर सर्व ऐकतील, पण रोजा सोडा म्हटले की दुखावतात. आयुष्यभर ज्यांनी एकही रोजा चुकविला नाही त्यांचे मन आपण जाणले पाहिजे. पण विज्ञान काय सांगते तेही जाणले पाहिजे. कार्बिडोपासह घेतलेल्या लेव्होडोपाचे रक्तातील प्रमाण सुमारे दीड तासात निम्म्यावर येते. आपला रोजा तेरा-चौदा तासांचा असतो. जो रुग्ण दिवसातून चार-पाच वेळा गोळी घेतो त्याचे शरीर दुपारपर्यंत आखडून जाते, तोल जातो, थुंकी गिळणेही कठीण होते. आणि हे औषध एकाएकी बंद केल्यास कधी कधी तीव्र ताप, कमालीचा ताठरपणा व भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. मग इफ्तारला खजूर, भजी, खिमा आणि राहिलेल्या गोळ्या सर्व एकदम पोटात गेल्या तर काय होते, हे मघाशी सांगितलेच आहे.

पवित्र कुराणात सूरह बकराच्या १८४ व १८५ या आयतींत रोजाचा आदेश आहे आणि त्याच ठिकाणी आजारी व्यक्तीला व मुसाफिराला सवलतही आहे. जो आजार बरा होण्याची आशा नाही, त्यात रोजाऐवजी फिदिया, म्हणजे प्रत्येक रोजामागे एका गरिबास जेवू घालणे, असा मार्ग उलेमा सांगतात. फतवा देणे हा माझा अधिकार नाही. माझी विनंती एवढीच की रमजान लागण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना विचारावे, डॉक्टरांचे म्हणणे आलिमसाहेबांपुढे ठेवावे आणि त्यांचा सल्ला बुजुर्गांना त्यांच्याच तोंडून ऐकू द्यावा. मुलाने सांगितले तर हुकूम वाटतो, आलिमांनी सांगितले तर मनाला समाधान मिळते. फिदियाचे जेवण त्यांच्या हातून दिले जाईल अशी व्यवस्था करावी. इफ्तारच्या वेळी त्यांना सर्वांसोबत बसवावे. रोजा नसला तरी दस्तरखानावरची त्यांची जागा रिकामी राहू नये.

मुंबईत २००१ पासून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ या रुग्णांसाठी व त्यांच्या घरच्यांसाठी कार्य करीत आलेल्या संस्था आहेत. दरवर्षी ११ एप्रिल हा दिवस जगभर पार्किन्सन्स दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आपल्या शाळेतही विद्यार्थ्यांनी या विषयाचा एक तक्ता तयार करून लावावा, अशी सूचना मी संस्थेपुढे ठेवतो.

आपण आपल्या मुलांना वक्तशीरपणा शिकवितो, शाळेची घंटा चुकू नये म्हणून धावपळ करतो. तोच वक्तशीरपणा घरातील आजा-आजीच्या गोळीसाठी दाखविला तर त्यांचा दिवसातला एखादा तास मोकळा होईल, आणि तो तास त्यांच्या दृष्टीने फार मोठा असतो. तेव्हा घरी गेल्यावर प्रथम एवढेच पाहावे की गोळी ताटाशेजारी ठेवलेली आहे काय. असेल तर ती तेथून उचलून घड्याळाशेजारी ठेवावी आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून नेमकी वेळ लिहून घ्यावी.